संशय सर आणि काळा रंग

आमच्या इमारतीत कराटेचा निकाल मोरीतून लागायचा.

तावडे नेहमीसारखा फेकतोय, असं तुम्ही म्हणाल. फेकतो मी, कबूल. पण मोरीचं खरं आहे. चारकोपच्या आमच्या इमारतीत परब सर बरोबर आमच्या डोक्यावर राहायचे. त्यांच्या मोरीचा पाइप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारून खाली जातो आणि नेमकं खिडकीपाशीच त्याला शहाळ्याएवढं भोक आहे. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये त्या भोकावर भाषणं झाली, सिमेंट कधी पडलं नाही. तर एखाद्या रविवारी दुपारी त्या भोकातून पिवळंधमक पाणी उसळलं, की समजायचं, वरच्या गच्चीवर कुणीतरी पिवळ्या पट्ट्याला पास झालं. हिरवं आलं की हिरव्याला. मग तळमजल्यावरून कांबळे काकूंची हाक यायची, "ओ तावडे, आज कंचा कलर?"

"निळा, काकू!"

"म्हंजी सावंताची पोरगी पास! थांब, तिच्या आयला सांगून येते."

मार्कशीट नाही, नोटीस बोर्ड नाही. खिडकीखालच्या छज्ज्यावर बसणारी कबुतरं तर बघता बघता व्हाइट बेल्टपासून ब्राऊन बेल्टपर्यंत पोचली होती, आणि त्यांची वागणूकही त्याप्रमाणे सुधारली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी एकदा निळं पाणी आलं, तेव्हा सरांनी ते खास आपल्यासाठीच सोडलं असं काकूंनी ठरवून टाकलं आणि वर पातेलंभर खीर पाठवली. सरांनी खीर खाल्ली आणि खुलासा केला नाही. तेवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं. तेवढंच होतं.

कारण असं की परब सर कोणालाही नवा पट्टा देत नसत. पोरगं पहिल्या दिवशी जो पांढरा पट्टा बांधून यायचं, तोच शेवटपर्यंत. परीक्षा पास झालं की सर तो पट्टा ताब्यात घ्यायचे, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचे आणि तोच पट्टा पुढच्या रंगात बुडवायचे. पांढऱ्यावर पिवळा, मग नारिंगी, हिरवा, निळा, चॉकलेटी. "नवो पट्टो घेतलंस तर जुना शिकलंस ता खय गेला?" असा त्यांचा मालवणी सवाल असे. सरांचे वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. सर सांगत, वडिलांच्या हाताला कायम कुठला ना कुठला रंग असायचा आणि शाळेतल्या पोरांना त्यावरून कळायचं, या आठवड्यात बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या येणार. त्यांच्याकडून सरांनी एकच विद्या घेतली होती. रंगाच्या पाण्यात मीठ टाकल्याशिवाय रंग पक्का होत नाही. सर चहात साखर विसरायचे, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून बाजारात जायचे, पण रंगात मीठ टाकायला कधी विसरले नाहीत. त्यांचे पट्टे लांबून ओळखू यायचे. कापडावर रंग चढायचा, पण शिलाईचा पॉलिएस्टरचा दोरा कुठलाच रंग धरायचा नाही. त्यामुळे सरांच्या प्रत्येक शिष्याच्या पट्ट्यावर पांढऱ्या टाक्यांच्या रेघा तशाच राहायच्या.

आता नावाचं सांगतो. कराटेच्या गुरूला जपानीत सेन्सेई म्हणतात. सरांनी क्लास काढला त्या पहिल्याच सकाळी गच्चीवरून पोरं कोरसमध्ये ओरडली, "ओस, सेन्सेई!" कांबळे काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी खाली येऊन जाहीर केलं, "पोरं त्या परबाला संशय म्हंत्यात." झालं. दुपारपर्यंत अख्ख्या सेक्टरमध्ये परब सरांचे संशय सर झाले. पोस्टमन विचारायचा, संशय सर कुठल्या मजल्यावर? पण मी तर म्हणतो, माणसाला याहून नेमकं नाव आईबापांनासुद्धा सुचलं नसतं. कारण सरांना सगळ्यांवर संशय. पोरगं हवेत दोनदा फिरून उतरलं तरी सर मान वाकडी करून म्हणणार, "हं. अजून अढीत आहे."

हा त्यांचा लाडका शब्द. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. झाडावरून उतरवलेले कच्चे आंबे गवतात रचून पिकत ठेवतात, ती अढी. अढी सारखी उघडायची नसते. परब सरांच्या लेखी अख्खं जग अढीत होतं. पोरं अढीत, पोरांचे बाप अढीत, नगरसेवक अढीत. मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा सर त्या खांबांकडे बघून म्हणाले होते, "पिकांदे."

त्यांच्या परीक्षेच्या अटी तर विचारू नका. मेन रोडवर एक एसी क्लास निघाला होता. तिथे मुलगा आत गेला की दीड वर्षात ब्लॅक बेल्ट आणि स्वतःपेक्षा उंच ट्रॉफी घेऊनच बाहेर यायचा. आमच्या गच्चीवर दीड वर्षात पोरांना पडायला यायचं. पांढऱ्यावरून पिवळ्याला जायचं तर पडता आलं पाहिजे, ही पहिली अट. पिवळ्यावरून नारिंगीला, पट्ट्याची गाठ स्वतः मारता आली पाहिजे आणि आईने ती मागून नीट करता कामा नये. हिरव्याची अट पापडाची. कांबळे काकू पोह्याचा एक पापड दोन बोटांत धरून उभ्या राहायच्या. पोराने पूर्ण ताकदीने लाथ मारायची आणि पाय पापडाला टेकवून थांबवायचा. पापड हलला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. "लाथ माराक गाढवाकय येता," सर म्हणायचे, "थांबवूक येता काय बघ." नापास झालेल्या पापडांचा चुरा मग सगळ्यांनी कांदा घालून खायचा. ज्या वर्षी पोरं फार कच्ची निघाली त्या वर्षी आमच्या इमारतीत पापड लाटणाऱ्या बायांना ओव्हरटाइम द्यावा लागला होता.

निळ्यासाठी, मार खाऊन राग येता कामा नये. चॉकलेटीसाठी, नव्या पोराला न ओरडता गाठ शिकवता आली पाहिजे. या शेवटच्या परीक्षेत सर स्वतः साफ नापास झाले असते. आणि काळ्यासाठी? ती अट कोणालाच ठाऊक नव्हती. एका बापाने चिडून विचारलं, "सर, निदान सिलॅबस तरी सांगा." सर म्हणाले, "बाकीच्या रंगावर दुसरो रंग चढता. काळ्यावर काय चढवशात?" तो बाप दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन एसी क्लासात गेला.

मी स्वतः त्यांच्या क्लासात होतो, हे सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला होता आणि गच्ची जवळ पडत होती. माझ्या आकाराचा ड्रेस कराटेत मिळत नाही. बायकोने जुन्या पलंगपोसाचा शिवला. परीक्षेच्या दिवशी सर म्हणाले, "पडा."

"सर, उभं राहायचं शिकवा की. पडणं मला जन्मापासून येतं."

"पडा, तावडे."

मी पडलो. तो आवाज गोरेगावपर्यंत गेला. खालच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात पंखा चालू होता तो बंद पडला आणि बंद पडलेला मिक्सर चालू झाला. मला वाटलं, एवढं प्रामाणिक पडणं सरांनी आयुष्यात पाहिलं नसेल. सर म्हणाले, "नापास."

"का?"

"पडल्यावर पयला काय केलात? कोण बघता काय ता बघितलात. पडणारा माणूस उठायचा बघता, बघणाऱ्याक बघणा नाय."

मी अजूनही व्हाइट बेल्ट आहे. बायको त्या पट्ट्याने माळ्यावरच्या गाद्या बांधते.

त्या दिवशी मी हसत हसत घरी आलो. पण सरांचं हे वाक्य मला पुढे पुन्हा ऐकायला मिळालं, आणि तेव्हा हसायला आलं नाही. ते वाक्य त्यांनी शलाकाला ऐकवलं.

शलाका सरांची एकुलती एक मुलगी. चालायला लागली ती गच्चीवरच. सरांनी तिला एक नियम घालून दिला होता. गच्चीच्या दाराच्या वर 'सर' म्हणायचं, दाराच्या खाली 'बाबा'. ती दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभी राहायची आणि "बाबासर, बाबासर" करून त्यांना चिडवायची. सर चिडायचे नाहीत. पण हसायचेही नाहीत. आमच्या पाइपातून जेवढे रंग वाहिले त्यातले सगळ्यात देखणे रंग तिच्या पट्ट्याचे होते, असं मला आपलं वाटतं. तिची लाथ पापडाला अशी टेकायची, जणू कुणी झोपलेल्या बाळाच्या कपाळाला हात लावतंय. कॉलेजात गेली तेव्हा चॉकलेटी पट्टा तिच्या कमरेला होता आणि अख्खं चारकोप काळ्या पाण्याची वाट बघत होतं. कांबळे काकूंनी तर मला तंबी देऊन ठेवली होती, "काळं पाणी आलं की आधी मला हाक मारायची. पेढं माझं."

काळ्याची पहिली परीक्षा झाली. गच्चीवर माणूस मावत नव्हता, पाण्याच्या टाकीवरसुद्धा पोरं बसली होती. शलाकाने काता केला, म्हणजे काल्पनिक शत्रूंशी एकटीने लढायचा तो ठरलेला डाव. तिने तो असा केला की ते काल्पनिक शत्रू मला दिसायला लागले, आणि त्यांची दया यायला लागली. शेवटचा ठोसा मारला, आरोळी दिली, आणि तिची नजर क्षणभर, अगदी पापणी लवण्याएवढी, सरांकडे गेली.

"नापास," सर म्हणाले.



"मारल्यावर माझ्याकडे बघितलंस. शाबासकी मिळता काय बघूक. बघितला की नापास. काळ्या पट्टेवाल्याक कोणाकडे बघूचा लागणा नाय."

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. पुन्हा ती नजर. ती स्वतःला आवरत होती, ते मला दिसत होतं. मानेची शीर ताठ झाली होती. पण पोरीचे डोळे बापाकडे जाणार नाहीत तर कुठे जातील हो? नापास. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. वहिनी, म्हणजे सरांची बायको, एरवी सरांपुढे आवाज न चढवणारी बाई. त्या दिवशी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज पाइपाच्या भोकातून आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "एकदा म्हणा हो तिला, बरं केलंस. तुमची जीभ काय झडणार आहे?"  सरांच्या गुरूंनी त्यांना काळा पट्टा दिला तेव्हा तो अंगावर फेकला होता आणि पाठ फिरवून चहा प्यायला निघून गेले होते, हे सर फार कौतुकाने सांगायचे. एवढंच कौतुक त्यांनी जन्मात पाहिलं होतं. तो पट्टा तर विरून विरून परत पांढरा झाला होता. नवीन पालक येऊन सरांना विचारायचे, "काका, तुम्ही पण नवीनच का?"

मग ती शेवटची परीक्षा. शलाका नोकरीला लागली होती, लग्न ठरत होतं. सकाळी ती गच्चीवर आली ती कोणाशी बोलली नाही. काता केला. शेवटचा ठोसा. आरोळी. आणि नजर समोर, थेट पलीकडच्या सेक्टरच्या पाण्याच्या टाकीवर. सरांकडे नाही.  ती तशीच उभी राहिली. मग तिने पट्ट्याची गाठ सोडली, पट्ट्याची नीट घडी केली, सरांच्या पायाशी ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि मान वर न करता जिना उतरून गेली.

सर काहीच बोलले नाहीत. आम्ही सगळे मोरीकडे डोळे लावून दिवसभर बसलो. पाणी आलं ते भांड्यांचं.

शलाका लग्न होऊन चेंबूरला गेली. चांगलं झालं सगळं. नवरा चांगला, नोकरी चांगली, एक मुलगी. यायची, बाबांसाठी सुरमई घेऊन यायची, जाताना वहिनींच्या गुडघ्यांना तेल लावून जायची. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची, कराटे सोडून. मी एकदा चेष्टेने विचारलं, "काय गं, लेकीला घालणार की नाही क्लासात?" ती म्हणाली, "ती चित्रं काढते, काका. काढलं की दाखवायला येते, मी लगेच म्हणते, झकास." बस, एवढंच. पुढचं तिने सुरमईच्या भावावर नेलं.

वहिनी गेल्या. क्लासातली पोरं कमी होत गेली. कोणाला ट्यूशन, कोणाला मोबाइल, कोणाला एसी. शेवटी शेवटी गच्चीवर सर एकटेच काता करायचे. मी कपडे वाळत घालायला गेलो की म्हणायचे, "तावडे, पडणार काय?" मी म्हणायचो, "सर, आता पडलो तर मुन्सिपाल्टीला बोलवायला लागेल." पाइपाच्या भोकातून साधं पाणी यायचं. कबुतरं परत पांढऱ्यावर आली.

आणि या मे महिन्यात इमारत पाडायची ठरली. रिडेव्हलपमेंट. सगळ्यांची बांधाबांध सुरू झाली. सर चेंबूरला शलाकाकडे जाणार होते. ती रविवारी टेम्पो घेऊन यायची होती. त्या रविवारी सकाळी मी खिडकीशी उभा राहून चहा पीत होतो, आणि भोकातून पाणी उसळलं.

काळं.

कोळशासारखं, शाईसारखं, काळंकुट्ट. मी कप खिडकीत ठेवला. खालून कांबळे काकू ओरडल्या, आता त्यांच्या आवाजात पूर्वीचा दम नाही, "तावडे! ए तावडे! कोण पास झालं रं?"

मी जिना चढलो. माझ्यासारखा माणूस जिना कसा चढतो याच्यावर वेगळा लेख होईल, तर तो राहू दे. दार उघडंच होतं. घरभर खोकी. सर स्वयंपाकघरात पातेल्यापुढे उभे, हातात लाटणं, हात कोपरापर्यंत काळे. मोरीच्या दोरीवर पट्टा ठिबकत होता. नुकताच धुतलेला. काळा. त्याच्यावर पांढऱ्या टाक्यांच्या रेघा.

"शलाकाचा?" मी विचारलं.

सरांनी मान हलवली. मग पाटावर बसले.

"पास कधी झाली?"

"तेव्हाच झाली," सर म्हणाले. "शेवटच्या वेळेक. बघितल्यान नाय माझ्याकडे. तेव्हाच पास झाली."

"मग बोलला का नाहीत?"

सर पातेल्याकडे बघत म्हणाले, "मी मान हलवूक तयार होतंय, तावडे. तयार होऊन बसलेलंय. म्हटला, माझ्याकडे एकदा बघीत, मग मान हलवीन." लाटण्यावरचा रंग बोटाने निपटला. "तिना बघितल्यानच नाय."

 

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"म्हटला, सांगितलंय आणि बिघडली तर? राहांदे. पुढल्या वर्षी सांगूया." त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "अढी उघडूक इसरलंय रे."

जिन्यात चपलांचा आवाज झाला. शलाका आली. खांद्याला पर्स, हातात टेम्पोवाल्याला द्यायची पाण्याची बाटली. "बाबा, टेम्पो गेटवर उभा आहे, अजून तुमचं… " आणि तिने दोरीकडे बघितलं.

मला वाटलं रडेल. मला वाटलं ओरडेल. ती पुढे गेली, तिने पट्टा दोरीवरून काढला आणि ओळखला. टोकाला तिने लहानपणी तसल्याच पॉलिएस्टरच्या दोऱ्याने काढलेला वेडावाकडा 'श' होता. तोही पांढराच राहिला होता. तिने पट्टा कमरेभोवती घेतला. गुंडाळला खरा, पण गाठीला टोकं उरली नाहीत.

"पुरत नाही आता," ती म्हणाली.

सर म्हणाले, "पट्टो लांब होतो पूर्वी."

"पट्टा तेवढाच आहे, बाबा."

तिने तो सोडला आणि आपले हात बघितले. तळवे काळे झाले होते. कुर्त्यावर कमरेभोवती काळा पट्टा उमटला होता, अगदी जिथे असायला हवा तिथे. तिने बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "कच्चा आहे."

सर दचकले.

"रंग कच्चा आहे, बाबा. मीठ टाकलं नाहीत."

परब सर मीठ विसरले होते. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी ओट्याकडे बघितलं. मिठाची बरणी खोक्यात गेली होती आणि खोक्याला चिकटपट्टी लागली होती.

शलाकाने खाली काकूंना हाक मारली, "काकू, मीठ द्या ना वाटीभर! खडेमीठ असेल तर बरं." टेम्पोवाल्याला तिने खिडकीतून सांगितलं, "भैया, आधा घंटा रुको." मग पर्स खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या, गॅस पेटवला, रंगाची उरलेली पुडी पातेल्यात झटकली. काकू मीठ घेऊन स्वतःच वर आल्या, धापा टाकत, आणि दारातच थांबल्या. त्यांनी मला खुणेने विचारलं. मी खुणेने सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

पाणी उकळलं. शलाकाने मीठ टाकलं, पट्टा सोडला आणि लाटण्याने ढवळायला लागली. आमच्याकडे पाठ करून. बापाने जसं ढवळायला शिकवलं होतं तसंच, डावीकडून, न थांबता.

आणि तिच्या पाठीमागे पाटावर बसलेले परब सर मान हलवत होते. हळूहळू. एकदा, मग पुन्हा. इतकी वर्षं तयार करून ठेवलेली ती मान. हो, हो, हो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काळ्या हातांनी पुसल्यामुळे गाल काळे झाले होते. तो माणूस नुसता मान हलवत होता, आणि पोरीची पाठ होती.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "शलाका, जरा मागे बघ गं."

लाटणं थांबलं नाही.

"नको, काका," ती म्हणाली. "बघितलं की सर नापास करतात."

बोलली ती हसल्यासारखी. हसली की नाही, ते मला दिसलं नाही. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की आम्ही दाराच्या खाली होतो, स्वयंपाकघरात होतो, आणि ती त्यांना सर म्हणाली.

रंग चढला. तिने पट्टा मोरीत धरून तांब्या तांब्या पाण्याने धुतला. पहिलं पाणी काळं गेलं, मग राखाडी, मग स्वच्छ. पक्का झाला. तिने तो पिळला, पिशवीत घातला, पिशवी पर्समध्ये घातली आणि म्हणाली, "चला बाबा, ऊन व्हायच्या आत निघू."

काकूंनी पेढे आणले नव्हते. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती, तीच घेऊन त्या पुढे झाल्या आणि वाटीच्या तळाशी राहिलेले मिठाचे चार खडे त्यांनी शलाकाच्या काळ्या तळव्यावर ठेवले.